दप्तर, कर्जरोखा, पोथी आणि ‘दीनमित्र’ : खेड्यातील वृत्तपत्राचा वाङ्मयीन अर्थ

१

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा शहरांच्या क्रमाने सांगितला जातो. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले, पुढे पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ व ‘केसरी’ आले आणि या दोन शहरांच्या वादसंवादातून मराठी गद्य घडले, असा या कथनाचा सांगाडा असतो. त्याला जोडून एक परिशिष्ट येते, ते ‘मुफसल’ पत्रांचे. अमेरिकन मिशनऱ्यांचा ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाला, ‘बेळगाव समाचार’ १८६३ मध्ये निघाला, अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघे. परंतु ही पत्रेही जिल्ह्याच्या ठाण्याची होती. जेथे कलेक्टरची कचेरी, दिवाणी न्यायालय, इंग्रजी शाळा आणि वकिलांची वस्ती, तेथेच छापखाना उभा राही. खेडे या साऱ्या इतिहासात येते ते दुष्काळ, पटकी, प्लेग, दरोडा अशा बातमीचा विषय म्हणून. बातमी लिहिणारे, छापणारे आणि तिच्यावर भाष्य करणारे ठिकाण म्हणून ते येत नाही.

मग वृत्तपत्र खेड्यातूनच निघू लागले, तर त्याच्या वाङ्मयीन स्वरूपात काय बदलते? हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच विचारला आहे. खेड्यातले पत्र म्हणजे शहरी पत्राची लहान, अपुऱ्या साधनांची आवृत्ती, असे गृहीत धरले गेल्यामुळे तो विचारण्याची गरजच वाटली नाही. गोंदियासारख्या परिसरातून पाहिले असता या गृहीताचा उणेपणा विशेष जाणवतो. येथून नागपूर लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर आहे. पुणे आणि मुंबई तर दुसऱ्याच भूगोलात आहेत. मुद्रणाचा इतिहास फक्त केंद्रांचा इतिहास मानला, तर अशा परिसराच्या वाट्याला वाचकाचीच भूमिका येते, आणि तीही उशिरा पोचलेल्या वाचकाची.

प्रस्तुत लेखात दोन ठिकाणे समोरासमोर ठेवली आहेत. एक, नेवासा तालुक्यातील तरवडी, जेथून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक दीर्घकाळ निघत राहिले. दुसरे, नागपूरहून गोंदियामार्गे रायपूर-बिलासपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपासचा मुलूख, जेथे खेडे आणि मुद्रण यांचा संबंध निराळ्या तऱ्हेने जुळला. खेड्यातील वृत्तपत्राचा अर्थ त्यातील बातम्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, खेड्यात आधीपासून नांदणाऱ्या लेखनप्रकारांशी असलेल्या त्याच्या संबंधात शोधावा लागतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

२

एकोणिसाव्या शतकातील मराठी खेडे ‘निरक्षर’ होते, असे म्हणण्याची पद्धत आहे. १९११ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात दर हजारी साक्षर पुरुष १०६ आणि साक्षर स्त्रिया अवघ्या १० होत्या. खेड्यांतील प्रमाण याहूनही कमी असणार, हे उघड आहे. तरीही लेखन खेड्याच्या जीवनात सर्वत्र होते. वाचता न येणाऱ्या माणसाचे आयुष्यही लिहिलेल्या अक्षरांनीच बांधलेले होते.

हे लेखन मुख्यतः तीन प्रकारचे होते. पहिला प्रकार कुलकर्ण्याच्या दप्तराचा. जमीन कोणाच्या नावावर, सारा किती, बाकी किती, हे सारे त्या दप्तरात असे आणि ते वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार वतनाने एका घराकडे चालत आलेला असे. दुसरा प्रकार सावकाराच्या कर्जरोख्याचा. त्यावर शेतकरी अंगठा किंवा नांगराची निशाणी करी आणि त्यातील मजकूर त्याला न्यायालयात पहिल्यांदा ऐकू येई. तिसरा प्रकार पोथीचा. श्रावणात किंवा चातुर्मासात ती देवळात लावली जाई. एक जण वाची, इतर ऐकत. पहिल्या दोन प्रकारच्या लेखनाची भीती वाटे, तिसऱ्याबद्दल श्रद्धा वाटे. पण तिन्हींमध्ये एक गोष्ट समान होती. कुणबी-माळी, महार-मांग, आणि सर्व जातींतील स्त्रिया यांचे स्थान लिहिणाऱ्याचे नव्हते. ज्याच्याविषयी लिहिले जाते, किंवा ज्याला वाचून दाखवले जाते, त्याचे ते स्थान होते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला आणि लवकरच अहमदनगर जिल्ह्यातही पसरलेला दख्खनचा उठाव या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. शेतकऱ्यांच्या रागाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्याजवळच्या कागदांवर होता. रोखे आणि खाती मागून घ्यावीत व त्यांची होळी करावी, हा त्या उठावाचा ठरून गेलेला प्रघात होता. आर्थिक इतिहासाने त्यातील कर्जाचा भाग सविस्तर मांडला आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा त्याचाच परिणाम. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही दिसावे: आपल्याविरुद्ध लिहिले गेलेले लेखन नाहीसे करण्याचा तो प्रयत्न होता. लेखनाची सत्ता त्या शेतकऱ्यांना अचूक समजली होती. तिला तोंड देण्याचे जे एकच साधन हाती होते, ते म्हणजे आग.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी त्याच अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात छापखाना सुरू झाला. कागद जाळणाऱ्या पिढीनंतर कागद छापणारी पिढी आली, असे याचे वर्णन करता येईल. ‘दीनमित्र’चे वाङ्मयीन महत्त्व या क्रमात पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

३

‘दीनमित्र’ची परंपरा सत्यशोधक चळवळीची. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. १८८० मध्ये ते मुंबईला गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालवले. गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचे मासिक सुरू केले होते. त्यांच्या अकाली निधनाने ते बंद पडले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव (१८८५-१९६७) हे याच पाटील घराण्यात दत्तक गेले. जन्मदात्या घराकडून पत्रकारितेचा आणि दत्तक घराकडून पत्राच्या नावाचा, असे दोन वारसे त्यांच्याकडे आले. २३ नोव्हेंबर १९१० रोजी त्यांनी सोमठाणे येथून ‘दीनमित्र’ साप्ताहिकरूपाने पुन्हा सुरू केले आणि पुढे ते तरवडीला नेले. १९६७ मध्ये मुकुंदरावांच्या निधनाबरोबर ते थांबले. अर्धशतकाहून अधिक काळ एकाच संपादकाच्या हाताखाली, खेड्यातूनच चाललेले असे दुसरे मराठी साप्ताहिक दाखवणे कठीण आहे.

सुरुवातीचे साल लक्षात घेण्याजोगे आहे. १९१० च्याच फेब्रुवारीत हिंदुस्थान सरकारने वृत्तपत्रांचा कायदा केला आणि नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला. शहरातही नवे पत्र काढायला लोक कचरत असताना, कोरडवाहू मुलखातील गावात छापखाना उभा करणे हे धाडस होते. खिळे, शाई आणि कागद बाहेरून आणायचे, जुळणीचे काम गावातच करायचे, आणि छापलेले अंक टपालाने गावोगाव पाठवायचे. या व्यवहारात शहर आणि खेडे यांच्यातील नेहमीची दिशा उलटली. एरवी खेड्यातून धान्य, सारा आणि माणसे बाहेर जात व शहरातून छापील शब्द आत येई. येथे छापील शब्द खेड्यातून बाहेर जाऊ लागला.

४

बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वृत्तपत्रवाचनाचे एक प्रभावी चित्र उभे केले. प्रत्येक वाचक एकटा वाचतो, पण त्याच वेळी आपल्याला कधीही न भेटणारे हजारो लोक हेच वाचत आहेत, याची त्याला जाणीव असते. या जाणिवेतून राष्ट्राची कल्पना घडते. शहरी मराठी पत्रांना हे विवेचन बरेचसे लागू पडते. तरवडीच्या साप्ताहिकाला ते दोन ठिकाणी अपुरे पडते.

एक तर खेड्यातील वाचन एकट्याचे नव्हते. जेथे गावात वाचू शकणारे मोजकेच, तेथे पत्र चावडीवर, पारावर किंवा देवळात मोठ्याने वाचले जाणार आणि बाकीचे ऐकणार. म्हणजे वृत्तपत्राला पोथीची जागा मिळते. अशा पत्राच्या वाक्याला कानाची कसोटी लागते. लांब संस्कृतप्रचुर वाक्य, जे ‘निबंधमाले’च्या परंपरेत प्रौढीचे लक्षण ठरले होते, ते येथे निरुपयोगी. संवाद, म्हणी, टोमणे आणि थेट संबोधन यांना येथे जे स्थान मिळते, ते श्रोत्यांच्या गरजेतून आलेले असते. त्याला ‘ग्राम्यता’ म्हणून बाजूला सारणे म्हणजे वाचनाची परिस्थितीच विसरणे होय.

दुसरे असे की, खेड्यातील पत्रकार आणि त्याच्या टीकेचा विषय एकमेकांना अनोळखी नसतात. पुण्याचा संपादक ‘कुलकर्णी’ या संस्थेवर लिहितो, तेव्हा ते धोरणविषयक भाष्य असते. तेच खेड्यातील संपादक लिहितो, तेव्हा ज्याच्याविषयी लिहिले तो उद्या सकाळी वाटेत भेटणार असतो. या सान्निध्यातून उपहासाला निराळी धार येते आणि निराळी जबाबदारीही. मुकुंदरावांच्या सदराचे नाव ‘आसुडाचे फटके’ असे होते. त्यात फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे स्मरण आहे. पण फुल्यांचा असूड ग्रंथरूप आहे, एका दीर्घ युक्तिवादाचा आहे. सदरातील फटका दर आठवड्याचा, छोटा आणि नेमका. साप्ताहिकाच्या कालक्रमाने विचाराचा आकारच बदलला.

मुकुंदरावांच्या स्वतंत्र ग्रंथांकडे पाहिले म्हणजे पूर्वी सांगितलेल्या तीन लेखनप्रकारांचा संदर्भ अधिक उघड होतो. त्यांच्या दोन काव्यांची नावे ‘कुलकर्णी लीलामृत’ आणि ‘शेटजी प्रताप’ अशी आहेत. पहिल्या नावामागे श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ आणि दुसऱ्यामागे त्यांचाच ‘पांडवप्रताप’ उभा आहे, हे त्या काळच्या खेड्यातील कोणत्याही श्रोत्याला सांगावे लागले नसते. विषय कोणते? कुलकर्णी आणि सावकार. म्हणजे दप्तर आणि कर्जरोखा यांचे धनी. रूप कोणते? ओवीबद्ध पोथीचे. भीतीच्या दोन लेखनांची चिकित्सा करण्यासाठी श्रद्धेच्या तिसऱ्या लेखनाचे रूप घेतले गेले. ज्या रूपात श्रोते आजवर देवादिकांच्या लीला ऐकत आले, त्याच रूपात त्यांनी गावकामगाराच्या लीला ऐकाव्यात, अशी ही योजना आहे.

हे विडंबन पाश्चात्त्य समीक्षेच्या परिभाषेत सहज बसवता येईल. परंतु त्याचे मूळ स्थानिक आहे. तरवडी ज्या तालुक्यात आहे, त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. संस्कृतातील ज्ञान ओवीच्या रूपाने लोकांच्या कानापर्यंत आणण्याचे कार्य ज्या भूमीत झाले, तेथेच सहा शतकांनी ओवी लौकिक सत्तेच्या चिकित्सेला लावली गेली. दोन्ही प्रसंगांची तोलामोलाने तुलना करण्याचे कारण नाही. पण देशी रूपांच्या सातत्याविषयी बोलताना हे सातत्यही ध्यानात घ्यावे लागेल. ते भक्तीचे नसून श्रवणाच्या व्यवस्थेचे आहे.

५

‘दीनमित्र’चा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. गावगाड्यात कुलकर्ण्याच्या शेजारी पाटील बसे. संपादक स्वतः पाटील घराण्यातले होते. कुलकर्ण्याच्या लेखनसत्तेवर घाव घालणारे पत्र, ज्या जातींना चावडीची पायरीही चढता येत नव्हती त्यांचा स्वतःचा आवाज आपोआप होऊ शकत नव्हते. शिवराम जानबा कांबळे यांना १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढावेसे वाटले आणि डॉ. आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करावे लागले, याचा अर्थ या मर्यादेत आहे. आपल्याविषयी दुसऱ्याने सहानुभूतीने लिहिणे आणि आपण स्वतः लिहिणे यांतील अंतर ‘मूकनायक’ हे नावच सांगून जाते.

या ठिकाणी पूर्वेकडे, गोंदियाच्या लोहमार्गाकडे वळणे आवश्यक ठरते. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगढकडे रेल्वे गेली आणि गोंदिया हे तांदळाच्या व्यापाराचे स्थानक म्हणून वाढले. येथील जमीनव्यवस्था दख्खनहून वेगळी होती. मध्य प्रांतात मालगुजारी होती. १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने मालगुजार गावाचा मालकच झाला आणि ही पद्धत १९५० च्या कायद्याने संपली. येथे दप्तर पटवाऱ्याचे असले, तरी गावाच्या लेखी अस्तित्वावर छाया मालगुजाराची. शिवाय झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी यांच्या सरमिसळीत ‘वाचण्याची भाषा’ कोणती, हा प्रश्नही खुला होता.

या लोहमार्गाच्या पुढच्या टप्प्यावर, बिलासपूरच्या उत्तरेस पेंड्रा येथे, जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे (१८७१-१९२६) आणि रामराव चिंचोळकर, तर प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले. सप्रे पेंड्र्याच्या राजकुमारांचे शिक्षक होते. मासिकाचा पत्ता आडगावचा, पण छपाई आधी रायपूरला आणि पुढे नागपूरला होई. तीन वर्षांनी, तोटा सोसवेनासा झाल्यावर, ते बंद पडले. तरवडीशी याची तुलना उद्बोधक आहे. जेथे छापखाना गावात होता, तेथे पत्र सत्तावन्न वर्षे टिकले. जेथे लेखन गावात आणि छपाई शहरात होती, तेथे ते टिकले नाही. हे एकच कारण नसेल, पण साधनांवरील ताबा ही गोष्ट वाङ्मयेतिहासात दुय्यम समजता येत नाही, एवढे यातून दिसते.

तरीही त्या तीन वर्षांत एक घटना घडली. सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये याच मासिकात आली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात तिचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. तिच्यातील जमीनदार वकिलांना हाताशी धरून न्यायालयातून एका गरीब विधवेच्या झोपडीचा कब्जा मिळवतो. ती विधवा त्याला टोपलीभर माती उचलायला सांगते आणि तेवढीही त्याच्याने उचलवत नाही. कायद्याचा कागद एका बाजूला आणि माती दुसऱ्या बाजूला. तरवडीच्या ओवीत आणि पेंड्र्याच्या कथेत भाषा निराळी, प्रकार निराळा, स्वभावही निराळा. एकीकडे आसूड, दुसरीकडे करुणा. पण दोन्हींच्या मुळाशी असलेला अनुभव एकच आहे: लिहिलेल्या शब्दाने गरिबाची जमीन घेतली जाते.

खुद्द वैनगंगेच्या खोऱ्यात सामाजिक भाष्याचे काम बऱ्याच अंशी प्रयोगरूप कलांनी केले. दंडार, खडी गंमत आणि दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके यांत गावातील व्यक्ती आणि प्रसंग यांवर टोले असत. छापील शब्दाची वाट मात्र नागपूरवरून होती. तेथे किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० च्या सुमारास ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ मध्ये ‘चोखामेळा’ अशी पत्रे चालवली. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी हे मध्य प्रांतातील ज्या दलित चळवळीचे पुढारी होते, तिच्या मुद्रित इतिहासाचा कणा ही पत्रे आहेत. तरवडीत एका खेड्यातून पत्र निघून भोवतालच्या खेड्यांत गेले. येथे शहरातल्या एका वस्तीतून निघून ते रेल्वेच्या मार्गाने वस्त्यावस्त्यांत पोचले. ‘स्थानिक’ या शब्दाची व्याप्ती अशा उदाहरणांनी बदलते. पत्राचे स्थान त्याच्या छापखान्याच्या पत्त्यावर ठरते, की ते ज्यांच्या जीवनावर बोलते त्यांच्या वस्तीवर?

६

हा प्रश्न केवळ पत्रकारितेच्या इतिहासाचा राहत नाही, कारण त्यावर मराठी वाङ्मयाच्या कालखंडांची मांडणी अवलंबून आहे. ग्रामीण कादंबरीच्या इतिहासात आरंभीचे स्थान दीर्घकाळ ‘धनुर्धारी’ यांच्या १९०३ च्या ‘पिराजी पाटील’ला दिले गेले. परंतु कृष्णराव भालेकर यांची ‘बळीबा पाटील’ ही दुष्काळावरील कादंबरी त्याआधी पंधरा वर्षे, १८८८ मध्ये, गणपतराव पाटलांच्या ‘दीनमित्र’मध्ये क्रमशः येत होती. ती पुस्तकरूपाने वेळीच हाती न आल्यामुळे इतिहासकारांच्या नजरेबाहेर राहिली. ‘पहिली’ हा मान कोणाला, हा वाद येथे गौण आहे. पण इतिहासकाराने पुस्तकांच्या कपाटात आरंभ शोधला आणि तो वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत होता, ही गोष्ट गौण नाही. मुकुंदरावांची ‘होळीची पोळी’ १९१० ची आहे. ग्रामीण साहित्याची चळवळ म्हणून जिचा विचार होतो, ती १९७० नंतरची. मधल्या साठ वर्षांत खेडे लिहीतच होते. त्याचे लेखन ज्या कागदावर झाले, त्या कागदाला वाङ्मयाचा दर्जा नव्हता, एवढेच.

साप्ताहिकाचा अंक टिकण्यासाठी छापलेला नसतो. तो वाचून झाला की पुड्या बांधायला, भिंतीच्या फटी बुजवायला किंवा चूल पेटवायला जातो. १८७५ च्या शेतकऱ्यांनी जाणूनबुजून कागद जाळले. नंतरच्या काळाने ‘दीनमित्र’सारख्या पत्रांचे कागद नकळत, निष्काळजीपणाने नष्ट होऊ दिले. कुलकर्ण्याचे दप्तर मात्र सरकारी अभिलेखागारात सुरक्षित राहिले, आणि कर्जरोखे न्यायालयाच्या कागदपत्रांत. परिणामी खेड्याविषयी लिहिलेले उपलब्ध आहे आणि खेड्याने लिहिलेले विरळ आहे. जो इतिहास केवळ उपलब्धतेवर उभा राहतो, तो ज्यांच्या विरुद्ध हे पत्र निघाले त्यांच्याच नजरेने खेड्याकडे पाहू लागतो.

म्हणून तालुक्याच्या वाचनालयांत, जुन्या छापखान्यांच्या माळ्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या घरांत उरलेल्या अंकांचा शोध हे संशोधनाचे पूर्वतयारीचे काम नव्हे. ते समीक्षेचेच काम आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या अभ्यासकाला हे अंक शोधताना त्यांच्या शेजारी दंडारीची संहिता, मंडईतल्या नाटकाची हस्तलिखित वही आणि पटवाऱ्याचे दप्तरही ठेवावे लागेल. तरवडीच्या साप्ताहिकाचा अर्थ जसा पोथी, रोखा आणि दप्तर यांच्यामध्ये ठेवल्यावर उलगडतो, तसाच येथील मुद्रित शब्दाचा अर्थ येथल्या न छापलेल्या शब्दांमध्ये ठेवल्यावरच उलगडेल.